आर्सचे धर्मगुरु संत जॉन मारी व्हियानी

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्तानें निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, आजवर झालेल्या धर्मगुरूंचीं नांवें व देवळाच्या बांधकामाची हकीकत इतर पानांवर यावयाचीच आहे. स्मरणिकेच्या चिटणीसांनीं आम्हांकडे एखाद्या संताचें चरित्र मागितलें, तेव्हां आमच्या मनापुढें एकच नांव उभें राहिलें. तें म्हणजे सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मारी व्हियानी ह्यांचें.

ह्या साधुपुरुषाचे कडक उपवास, पापनिवेदनाच्या पेटींत घालविलेले दिवस व रात्री आणि त्यांच्या हातून घडलेले म्हणून सांगितले जाणारे चमत्कार ह्या गोष्टी आपण प्रवचनांतून अनेकदां ऐकिल्या आहेत. परंतु हेच संत आपला धर्मग्राम सोडून जावयास तीनदां निघाले होते व तीनदां परत आले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. पन्नाशी उलटलेल्या आमच्यासारख्या धर्मगुरूस मात्र तीच अधिक जवळची वाटते. म्हणून त्यांचें चरित्र त्या गोष्टीच्या धोरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉनचा जन्म फ्रान्स देशांत लियॉन शहरानजीक दार्दिली ह्या खेड्यांत ८ मे १७८६ रोजीं झाला. आईबाप शेतकरी व देवभीरु. सहा भावंडांत तो चौथा. तो तीन वर्षांचा असतां राज्यक्रांतीस आरंभ झाला, आणि थोड्याच काळांत धर्मगुरूंनीं सरकारनें केलेल्या नव्या धर्मकायद्याची शपथ घ्यावी असा हुकूम सुटला. ज्यांनीं ती नाकारली त्यांस परागंदा व्हावें लागलें. कित्येकांचा शिरच्छेद झाला. देवळें बंद पडलीं. अशा दिवसांत व्हियानी कुटुंब काळोख्या रात्रीं वाट तुडवीत एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारांत जाई, आणि तेथें जिवावर उदार झालेला कोणी धर्मगुरु त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण करी. जॉननें पहिलें पापनिवेदन ११ व्या वर्षीं आपल्याच घरांत केलें. १७९९ सालीं एक्युली गांवीं एका घराच्या बंद दालनांत त्याला प्रथम कम्युनियन मिळालें. आंतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. ज्या मुलानें देऊळ नसतांना धर्म पाळलेला पाहिला, त्याला देवळाची किंमत कोणी वेगळी शिकवावी लागली नाहीं.

ह्याच काळांत धर्मगुरु होण्याची इच्छा त्याच्या मनांत रुजली. परंतु शाळा त्याला फारच थोडी लाभली होती. बाळपण मेंढ्या राखण्यांत व शेतीच्या कामांत गेलें. २० व्या वर्षीं एक्युलीचे धर्मगुरु फादर बाले ह्यांच्याकडे तो लॅटिन शिकावयास बसला. बरोबरीचे विद्यार्थी वयानें कितीतरी लहान. त्यांचे धडे चटकन् पाठ होत. जॉननें आज घोकलेलें उद्यां विसरावें. त्याला समजावून सांगतां सांगतां चिडलेल्या मात्यास लोरास नांवाच्या १२ वर्षांच्या मुलानें एकदां सर्वांदेखत त्याला मारलें. तेव्हां जॉननेंच गुडघे टेकून त्या मुलाची क्षमा मागितली. हाच लोरास पुढें अमेरिकेंत दुब्यूक येथील पहिला बिशप झाला. अभ्यास सुधारावा म्हणून जॉननें ला लुव्हेस्क येथें असलेल्या संत फ्रान्सिस रेजिस ह्यांच्या कबरीची यात्रा पायीं, वाटेनें भिक्षा मागत केली. विद्या फारशी वाढली नाहीं. धीर मात्र टिकला.

१८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत भरती होण्याचा हुकूम आला. धर्मगुरुपदाच्या विद्यार्थ्यांना असलेली सूट त्याला मिळाली नाहीं. तो आजारी पडून इस्पितळांत राहिला व त्याची तुकडी पुढें निघून गेली. मागाहून तिला गांठण्यास जात असतां वाटेंत भेटलेल्या एका अनोळखी तरुणानें त्याला डोंगरांतील ले नोए ह्या गांवीं नेलें. अशा रीतीनें जॉन सैन्यांतून फरारी ठरला. क्लोदीन फायो नांवाच्या एका विधवेनें त्याला आपल्या घरांत आसरा दिला. सुमारें १४ महिने तो परक्या नांवानें तेथें राहिला, मुलांना अक्षरें शिकवूं लागला, आणि शिपाई शोधास आले म्हणजे गवतांत लपूं लागला. १८१० सालीं फरारी लोकांना माफी जाहीर झाली व धाकटा भाऊ त्याच्याऐवजीं सैन्यांत गेला, तेव्हां तो घरीं परतला. ही हकीकत झांकून ठेवावी असें कोणास वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याला पुढें हजारों लोकांचीं पापें ऐकून घ्यावयाचीं होतीं, त्यानें एका गरीब विधवेच्या दयेवर दिवस काढले होते, हें आपल्या लक्षांत असलेलें बरें.

त्यानंतर सेमिनरी. तेथील सर्व व्याख्यानें लॅटिनमधून होत, आणि तीं जॉनला कळत ना. १८१३ सालीं लियॉनच्या थोरल्या सेमिनरींत त्याला प्रवेश मिळाला, परंतु परीक्षेंत त्याचा निभाव लागला नाहीं व त्याला परत पाठविण्यांत आलें. फादर बाले ह्यांनीं हात धरून सोडला नाहीं. त्यांनीं त्याला स्वभाषेंत ईश्वरविद्या शिकविली, वरिष्ठांची गांठ घेतली व त्याची पुन्हां तपासणी करविली. अखेर अधिकाऱ्यांनीं त्याच्या भक्तीकडे पाहिलें, आणि जें उणें असेल तें देवाची कृपा भरून काढील ह्या भरंवशावर त्याला मान्यता दिली. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोब्ल येथें त्याला गुरुदीक्षा मिळाली. लियॉनहून ग्रेनोब्लपर्यंतची वाट तो पायींच चालून गेला होता. सेमिनरींत वर्षानुवर्षें बांकें झिजविलेल्या आम्हां धर्मगुरूंस हा भाग वाचतांना लाज आणि दिलासा हीं दोन्ही एकदम वाटतात.

सुमारें दोन वर्षें फादर व्हियानी आपल्या गुरूंचे सहायक म्हणून एक्युलीस राहिले. दोघेही तपश्चर्येंत एकमेकांवर चढ करीत. चरित्रकार सांगतात कीं, गुरु फार उपास करितात अशी तक्रार शिष्यानें वरिष्ठांकडे केली, आणि शिष्य फार उपास करितो अशी तक्रार गुरूंनीं केली. डिसेंबर १८१७ मध्यें फादर बाले वारले, आणि फेब्रुवारी १८१८ मध्यें फादर व्हियानी ह्यांची नेमणूक आर्स ह्या गांवीं झाली.

आर्स म्हणजे लियॉनच्या उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरवर असलेली अवघी २३० माणसांची वस्ती. धुक्यांत नव्या धर्मगुरूंस वाट सांपडेना, तेव्हां मेंढ्या राखणाऱ्या एका मुलानें ती दाखविली. तूं मला आर्सची वाट दाखविलीस, मी तुला स्वर्गाची दाखवीन, अशा अर्थाचें कांहीं त्यांनीं त्या मुलास सांगितलें अशी आठवण आहे, आणि त्या जागीं आज स्मारक उभें आहे. गांव दुष्ट नव्हता; उदासीन होता. रविवारीं लोक शेतांत राबत, संध्याकाळीं दारूच्या गुत्त्यांत बसत व रात्रीं नाच चाले. देऊळ मोडकळीस आलेलें आणि बहुतेक रिकामें.

नव्या धर्मगुरूंनीं प्रथम काय केलें? पहांटेच्या पुष्कळ आधीं ते देवळांत जाऊन पवित्र साक्रामेंतापुढें गुडघे टेकीत व आपल्या गांवाचें मन पालटावें म्हणून प्रार्थना करीत. गादी गरिबास देऊन स्वतः जमिनीवर निजत. आठवडाभराचे बटाटे एकदांच उकडून ठेवीत व ते बुरसले तरी तेच खात. घरोघर जात, पेरणीविषयीं, गुराढोरांविषयीं, मुलाबाळांविषयीं विचारीत. प्रवचन लिहून पाठ करीत. तरीही कधीं कधीं व्यासपीठावर शब्द आठवत नसत व ते अर्ध्यावरच खालीं उतरत. मुलांना धर्मशिक्षण रोज देत.

त्यांचा आरंभीचा उपदेश फार कडक होता हें येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. नाचणाऱ्यांना ते पापक्षमा देण्याचें लांबणीवर टाकीत, आणि त्यांच्या शब्दांनीं कित्येकांचीं मनें दुखावलीं. पुढें संत आल्फोन्स लिग्वोरी ह्यांच्या शिकवणुकीच्या अभ्यासानें व स्वतःच्या अनुभवानें ते सौम्य झाले. पाप्याला दिलेलें प्रायश्चित्त हलकें ठेवून उरलेलें आपण स्वतः करूं लागले. गुत्ते एकामागून एक बंद झाले, रविवारचें काम थांबलें, देऊळ भरूं लागलें. ह्या सर्वांस दहा वर्षें लागलीं. दोन वर्षांत फळ दिसलें नाहीं म्हणजे हातपाय गाळणाऱ्या आम्हां लोकांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

मध्यंतरीं १८२० सालीं त्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. त्यांनीं तो निमूटपणें मानला व सामान बांधलें. परंतु वाटेंतील सोन नदीला पूर आला होता. पलीकडे जातां येईना. तेवढ्या अवकाशांत आर्सच्या लोकांनीं वरिष्ठांकडे जाऊन रदबदली केली व हुकूम रद्द झाला. दोनच वर्षांपूर्वीं ज्या लोकांना धर्मगुरु असला काय नि नसला काय सारखेंच होतें, तेच आतां त्यांना सोडावयास तयार नव्हते.

१८२४ सालीं त्यांनीं गांवांतील मुलींसाठीं फुकट शाळा काढली व तिला प्रभुकृपेचें घर अशा अर्थाचें नांव दिलें. लवकरच तेथें अनाथ मुलींची सोय झाली. कातरीन लासान्य व तिच्या सोबतिणी ह्या गांवच्याच साध्या मुलींच्या हातीं त्यांनीं हें काम सोंपविलें. एकदां धान्याची कोठी रिती झाली असतां ती प्रार्थनेनंतर भरलेली आढळली, अशी त्या घराची आठवण आहे. दुपारीं तेथें चालणारें त्यांचें धर्मशिक्षण ऐकावयास पुढें परगांवचीं माणसेंही येऊं लागलीं.

मग आले यात्रेकरू. आरंभीं आजूबाजूच्या गांवांतून, मग लियॉनहून, मग साऱ्या फ्रान्समधून. १८५५ च्या सुमारास त्यांची संख्या वर्षाला २०,००० पर्यंत गेली असें सांगतात. फादर व्हियानी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें देवळांत येत व पापनिवेदनें ऐकूं लागत. मिस्सा, धर्मशिक्षण, दोन घांस अन्न व आजाऱ्यांची भेट एवढाच खंड. हिंवाळ्यांत दिवसाचे ११-१२ तास आणि उन्हाळ्यांत १६ तासांपर्यंत ते त्या अरुंद पेटींत बसत. थंडीनें पाय बधिर होत, उन्हाळ्यांत कोंदट हवेनें जीव गुदमरे. ज्याला सेमिनरीनें मंदबुद्धि म्हणून परत धाडलें होतें, त्याच्यापुढें बिशप, विद्वान व शेतमजूर एकाच रांगेंत ताटकळत उभे राहूं लागले.

कीर्तीबरोबर निंदाही आली. त्यांच्या चारित्र्याविरुद्ध निनांवी पत्रें फिरलीं. शेजारच्या कांहीं धर्मगुरूंनीं हा अडाणी व विक्षिप्त माणूस आहे असें म्हणून बिशपांकडे अर्ज करण्याचें ठरविलें. तो कागद फिरत फिरत चुकून त्यांच्याच हातीं आला, तेव्हां त्यांनीं तो वाचून खालीं आपलीही सही केली व पुढें धाडला. ही कांहीं थट्टा नव्हती. त्या कागदांत लिहिलेलें खरें आहे असेंच त्यांना वाटत होतें. बिशप देव्ही ह्यांनीं मात्र त्यांची पाठ राखली.

आतां आमच्या मुख्य गोष्टीकडे वळूं. आपण ह्या पदास अपात्र आहों, हजारों आत्म्यांचा हिशेब देवापुढें द्यावयाचा आहे, तो आपल्यानें देववणार नाहीं, तेव्हां कोठें तरी एकांतांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडावें, असा ध्यास त्यांच्या मनानें घेतला होता. १८४० सालीं एका रात्रीं ते एकटेच निघाले. कांहीं अंतर चालून गेल्यावर, ही देवाची इच्छा आहे कीं माझी, असा प्रश्न त्यांना पडला व ते माघारे फिरले. १८४३ च्या मे महिन्यांत जिवावरच्या दुखण्यांतून उठल्यावर सप्टेंबरांत ते पुन्हां निघाले व दार्दिलीस भावाच्या घरीं पोंचले. परंतु यात्रेकरू तेथेंही त्यांच्यामागें गेले. तिकडे आर्सचें देऊळ ओस पडलें. सुमारें आठवड्यानें ते परत आले, तेव्हां घंटा वाजूं लागल्या व सारा गांव रस्त्यावर आला.

तिसरी वेळ १८५३ च्या सप्टेंबरांतली. वय ६७. मध्यरात्रीं ते हळूच बाहेर पडले; पण ह्या वेळीं बेत फुटला होता. सहायक धर्मगुरु फादर तोकानिए वाट अडवून उभे राहिले व त्यांनीं त्यांची प्रार्थनापोथी काढून घेतली. कोणी तरी देवळाची घंटा बडविली. आग लागली असें समजून लोक बादल्या घेऊन धांवत आले, आणि पाहतात तों म्हातारे धर्मगुरु काळोखांत उभे. कित्येकांनीं गुडघे टेकले, कित्येक रडूं लागले, आणि लांबून आलेल्या यात्रेकरूंनीं आमचें पापनिवेदन तरी ऐकून जा अशी विनवणी केली. ते कांहीं वेळ स्तब्ध उभे राहिले. मग वळले, देवळांत शिरले व आपल्या पेटींत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनीं पुन्हां पळण्याचा प्रयत्न केला नाहीं.

हा प्रसंग वाचतांना आम्हांस आमच्याच एका रात्रीची आठवण होते. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका ठिकाणीं असतां, आपल्या हातून येथें कांहींच होत नाहीं अशा उद्वेगानें आम्हीं बिशपांना बदलीचें पत्र लिहिलें व तें मेजाच्या खणांत ठेवून निजलों. पहांटे दार वाजलें. एक म्हातारी आजारी नवऱ्यासाठीं बोलवावयास आली होती. पावसांतून तिच्या मागोमाग गेलों, त्या वृद्धास अंतिम अभ्यंग दिलें, आणि परत येईपर्यंत मिस्सेची वेळ झाली होती. तें पत्र खणांतच राहिलें. आमच्या त्या रात्रीची व संतांच्या त्या रात्रीची तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. ते आपल्याला पापी समजून पळत होते. आम्ही केवळ थकलों होतों. तरी दोघांनाही मागें वळविलें तें लोकांच्या गरजेनें. धर्मगुरु धर्मग्रामाला सांभाळतो असें आपण सहज म्हणतों. धर्मग्रामही धर्मगुरूला सांभाळीत असतो, हें आर्सच्या त्या घंटेनें आम्हांस शिकविलें.

१८५२ सालीं बिशपांनीं त्यांना मानाचें कॅनन हें पद दिलें व मानवस्त्र अंगावर घातलें. त्यांनीं तें ५० फ्रँकांस विकून पैसे गरिबांकडे लावले. १८५५ सालीं सरकारनें त्यांना सन्मानपदक दिलें. त्याचाही त्यांना कांहीं उपयोग वाटला नाहीं. १८५९ चा उन्हाळा अति कडक होता. जुलै महिन्याच्या अखेरीस एके दिवशीं पापनिवेदनें आटोपून ते खोलीवर आले ते अंथरुणास खिळले. उन्हाची तलखी कमी व्हावी म्हणून गांवकऱ्यांनीं घरावर कापडें पसरून त्यांवर पाणी शिंपडलें असें सांगतात. ह्या वेळीं त्यांनीं निघून जाण्याची भाषा काढली नाहीं. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं पहांटे २ वाजतां, ७३ व्या वर्षीं, त्यांनीं आर्समध्येंच देह ठेविला. ४१ वर्षें ते त्या एकाच गांवीं धर्मगुरु होते.

पोप पायस दहावे ह्यांनीं १९०५ सालीं त्यांना धन्यवादित पद दिलें. पोप पायस अकरावे ह्यांनीं ३१ मे १९२५ रोजीं त्यांना संतपद दिलें व १९२९ सालीं त्यांना धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते ठरविलें. पोप जॉन पॉल दुसरे १९८६ सालीं आर्सच्या यात्रेस गेले होते. २००९ सालीं त्यांच्या मृत्यूस १५० वर्षें झालीं, तेव्हां पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीं तें वर्ष जगांतील सर्व धर्मगुरूंसाठीं वाहिलें. त्यांचें शरीर आर्सच्या बॅसिलिकेंत जतन केलेलें आहे, आणि ४ ऑगस्ट हा त्यांचा सण आपणही पाळतों.

भाविक वाचकहो, महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूंच्या गळ्यांत हार पडतील. ते पडोत. परंतु पन्नास वर्षें हा धर्मग्राम उभा राहिला तो केवळ धर्मगुरूंच्या बळावर नव्हे. पहांटेच्या मिस्सेला छत्री झाडीत येणारा वृद्ध, वेदीवरचीं फुलें न चुकतां बदलणारी बाई, मुलांना धर्मशिक्षण देणारे तरुण, आणि रात्रीं धर्मगुरूच्या दारावर थाप मारणारें घर, ह्या साऱ्यांनीं ती घंटा वाजविली आहे. येत्या पन्नास वर्षांत आमच्यामागून जे येतील तेही केव्हां तरी थकतील, आणि वाट पाहून सामान बांधूं लागतील. त्या वेळीं तुमच्या मुलाबाळांनीं त्यांना दोष देत बसूं नये. दारावर थाप मारावी, कोणी तरी आजारी आहे म्हणून सांगावें, आणि त्यांना परत देवळांत आणावें.

संत जॉन मारी व्हियानी आपल्या धर्मग्रामासाठीं व त्याच्या अपात्र सेवकासाठीं देवापाशीं विनंति करोत.